शेगावचं भक्तनिवास आणि महाप्रसाद: एका नास्तिक हाऊसकीपिंगवालीचा अभिप्राय

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कशाला कापला ते ओघात येईलच. खोली, जेवण किंवा संडास यांत काही कमी होतं म्हणून कापलेला नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

मी पुण्यात एका हॉटेलात हाऊसकीपिंगला आहे. लोक झोपून उठलेल्या चादरी, लोकांनी वापरलेले नळ, पोरींनी घाईत पुसलेले आरसे तपासणं हा माझा धंदा. कुठेही राहायला गेले की पिशवी खाली ठेवायच्या आधी मी बाथरूमच्या दाराची मागची बाजू बघते. ती कुणी पुसत नाही. पंचतारांकितवालेही नाही. दुसरी जागा म्हणजे कमोडच्या मागचा कोपरा आणि तिसरी नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीवरचं पाणी जातं त्या भोकावरची जाळी. या तीन ठिकाणी हॉटेलचं खरं चारित्र्य कळतं, लॉबीत कळत नाही.

देवाचं म्हणाल तर मी मानत नाही. लग्नानंतर सत्यनारायण घातला नाही म्हणून सासरी अजून टोमणे ऐकते. पण माझी आई अकोल्याकडची, आणि त्या भागात गजानन महाराजांना मानत नाही म्हणणं म्हणजे उन्हाळा मानत नाही म्हणण्यासारखं आहे. रिक्षावर महाराज, दवाखान्यात महाराज, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर महाराज. तोच एक पाय दुमडून बसलेला, अंगावर फारसं काही नसलेला, लांब हातांचा माणूस. लहानपणी मला तो फोटो आजोबांच्या एखाद्या अबोल मित्राचा वाटायचा. तर आईचे गुडघे आता बोलायला लागलेत आणि तिला एकदा जाऊन यायचं होतं. मी, आई आणि माझी नववीतली मुलगी अशा तिघी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघालो.

आधी कामाचं. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, मुंबई–नागपूर रेल्वेमार्गावर. स्टेशनवरून संस्थानच्या, म्हणजे महाराजांचं मंदिर चालवणाऱ्या ट्रस्टच्या, बसगाड्या मिळतात, त्यांना तिकीट नाही. राहायला मंदिराच्या परिसरात भक्तनिवास आहे, शिवाय जरा लांब आनंद विहार आणि विसावा. फोनवर किंवा ऑनलाइन खोली राखून ठेवायची सोय नाही. जायचं, रांगेत उभं राहायचं, आधार कार्ड दाखवायचं आणि असेल ती खोली घ्यायची. ओळख सांगून पुढे घुसता येईल अशी काही फट मला तरी दिसली नाही, आणि आम्ही हॉटेलवाले अशा फटी बघण्यात पटाईत असतो. आमच्या पुढे एक पांढऱ्या गाडीतून आलेलं कुटुंब होतं. त्यातल्या गृहस्थांनी कुणाला तरी फोन लावून खिडकीत धरला. आतल्या माणसानं हात जोडले आणि म्हणाला, "माउली, रांगेत या."

माउली. तिथे सगळ्यांना माउलीच म्हणतात. म्हाताऱ्याला माउली, पोराला माउली, चप्पल चुकीच्या जागी काढणाऱ्यालाही माउली. मुलगी पहिल्या तासाभरात वैतागली, दुसऱ्या दिवशी मलाच "माउली, चार्जर कुठाय?" म्हणायला लागली. आमच्या धंद्यात "सर–मॅडम" शिकवायला ट्रेनिंगचे किती तास जातात ते मला माहीत आहे, आणि तरी त्या "सर"मध्ये पाहुण्याला आपली पायरी आणि पोराला त्याची पायरी बरोबर ऐकू येते. माउलीत ती पायरी ऐकू येत नाही. इथे मी पहिल्यांदा थोडी हलले.

खोली साधी. पलंग, गाद्या, पंखा, धुतलेल्या चादरी. चादरीचा कोपरा नाकाला लावून बघितला (सवय), उन्हात वाळल्याचा वास आला. दाराची मागची बाजू: पुसलेली. कमोडमागचा कोपरा: घासलेला. जाळी उचलली, खाली एक केस नाही. नळाकडे मुद्दाम बघितलं, कारण शेगाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याच्या बाजूचा मुलूख. या भागात पाणी असं की नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. रोज हात फिरवला नाही तर महिन्याभरात नळ म्हातारा दिसायला लागतो. इथल्या नळाच्या तोंडाखाली बोट फिरवलं तर गुळगुळीत. म्हणजे रोज कुणीतरी तिथे वाकतं. मी फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली काहीच लिहिलं नाही. पोरींना समजलं.

आता महाराजांबद्दल. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. २३ फेब्रुवारी १८७८ ला, माघ वद्य सप्तमीला, शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी काहीतरी समारंभ होता. जेवणं झाल्यावर उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या. तिथे एक अनोळखी माणूस बसून त्या पत्रावळींवरची शितं वेचून खात होता. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी या दोघांनी त्याला पाहिलं. नाव नाही, गाव नाही, कुठून आला ठाऊक नाही. तोंडात "गण गण गणात बोते". मग बत्तीस वर्षं हा माणूस त्या मुलखात राहिला, चिलीम ओढली, मनात येईल तिथे झोपला, मनात येईल त्याला शिव्या दिल्या, आणि ८ सप्टेंबर १९१० ला ऋषिपंचमीच्या दिवशी गेला. ना मठाची गादी मागे ठेवली, ना स्वतः लिहिलेली एक ओळ. जे काही लिहिलं ते नंतर काही दशकांनी दासगणूंनी. ती एकवीस अध्यायांची पोथी आईला जवळजवळ पाठ आहे.

मी ती वाचली आहे. नास्तिकांनी पोथ्या वाचाव्यात, श्रद्धाळू लोक त्या नुसत्या म्हणतात. काही प्रसंग मजेदार आहेत. अकोल्याच्या शिवजयंतीच्या सभेत टिळकांच्या अटकेचं भाकीत आहे. १९०८ साली टिळकांना अटक होणार हे रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं. पुढे त्यांच्यासाठी भाकरीचा प्रसाद पाठवला ती गोष्ट मात्र मला आवडते. पण गंगाभारतीचा प्रसंग येतो तिथे माझं डोकं फिरतं. महारोग झालेला माणूस, महाराज त्याच्या अंगावर थुंकतात, तो बेडका तो मलम म्हणून अंगाला चोळतो आणि बरा होतो. याच विदर्भात अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमट्यांनी महारोग्यांच्या जखमा हातानं धुतल्या, पट्ट्या बांधल्या. पुढे १९८० च्या दशकात बहुविध औषधांच्या गोळ्या आल्या आणि रोग आवाक्यात आला. बोटं झडलेल्या किती माणसांनी त्याआधी मलम म्हणून काय काय चोळलं असेल, हा विचार ती ओवी ऐकताना माझ्या मनातून जात नाही. आणि आई ती ओवी डोळे मिटून, गोड आवाजात म्हणते.

रांगेत उभं असताना हे मी तिच्याकडे काढलं. चूक जागा, पण रांग मोठी होती. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग संस्थान दवाखाने कायले चालवते? महाराज म्हणत असतीन, गोळी घे, अन् माह्यं नाव घे. तुले सगळं समजते, फक्त माय समजत नाही."

तिचं पहिलं वाक्य खोडता येत नाही, ही माझी पंचाईत आहे. संस्थान खरोखर दवाखाने चालवतं. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर दवाखान्याची गाडी जाते. मतिमंद मुलांची शाळा आहे. १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आमच्या नात्यातले दोघे तिथून शिकून निघाले, आणि ते दोघेही आता थुंकीनं रोग बरा होतो असं मानत नाहीत. म्हणजे पोथी एक सांगते आणि पोथीच्या नावानं उभं राहिलेलं संस्थान व्यवहारात दुसरंच करतं. पोथी मात्र कुणी बदलत नाही. पारायणाला बसलेली बाई आजही तीच ओवी म्हणते आणि उठून त्याच संस्थानच्या दवाखान्यात रांग लावते. तिला यात काही विसंगत वाटत नाही. मला वाटतं. बहुधा दोघींपैकी तिची तब्येत जास्त सांभाळली जाते.

माझ्या स्वतःच्या ऑपरेशनचा हिशेबही असाच अडकून पडलाय. ऑपरेशन सर्जननं केलं, पैसे सोसायटीच्या कर्जातून आले, रक्त एका सहकाऱ्यानं दिलं, रात्रभर जागली ती वॉर्डातली सिस्टर. श्रेय गेलं महाराजांना. आईनं बाहेरच्या बाकावर बसून एका बैठकीत अख्खं पारायण केलं होतं. मी चिडले, तेव्हा सिस्टरच मला म्हणाली की अहो, त्या वाचत बसल्या म्हणून आम्हाला सारखं येऊन विचारत नव्हत्या, आमचं काम सोपं झालं.

दर्शनाबद्दल फार सांगत नाही, कारण मला त्यातलं कळत नाही. वर राममंदिर, खाली भुयारात समाधी. रांग हलत राहते, बसायला बाक, प्यायला पाणी, म्हाताऱ्यांची आणि लेकुरवाळ्यांची वेगळी काळजी. आईला समाधीपुढे अगदी थोडा वेळ मिळाला. ती बाहेर आली तेव्हा गुडघ्यांबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाही. जुनी धुनी अजून पेटती ठेवलेली आहे, तिथे मुलगी बराच वेळ उभी होती. मी तोपर्यंत फरशीच्या सांध्यांमधला सिमेंट बघत होते. पांढरा सिमेंट इतक्या पायांखाली पांढरा राहतो म्हणजे दिवसातून अनेकदा पुसतात, आणि बादलीतलं पाणीही बदलतात. बादलीतलं पाणी बदलणं हे फरशी पुसण्यापेक्षा अवघड काम आहे. विचारा कुठल्याही सुपरवायझरला.

खरी गोष्ट जेवणाच्या दालनात झाली.

महाप्रसाद सगळ्यांना, फुकट. पोळी, भाजी, वरण, भात, वर एक गोड. चवीला घरच्यासारखं म्हणणार नाही, त्याहून जरा बरं. आमच्या घरी वरणाला एवढा वेळ कुणी देत नाही. वाढपी भराभर येतात, पण "घ्या ना, घ्या ना" नाही. हवं तेवढंच मागा, ही पद्धत. माझ्या मुलीनं नववीतल्या मुली करतात तेच केलं. पोळी घेतली, अर्धी खाल्ली, अर्धी ताटाच्या कडेला सरकवली आणि उठायला लागली. एक साठीचा सेवेकरी पुढे आला. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, हाताची बोटं शेतकऱ्याची, नखांत काळी रेघ जी साबणानं जात नाही. तो रागावला नाही. हात जोडून म्हणाला, "माउली, सावकाश संपवा. घाई नाही. मी उभा हावो." आणि खरंच उभा राहिला. तिच्याकडे न बघता, बाजूला, दुसरीकडे नजर करून, म्हणजे तिला लाज वाटू नये. मुलीनं वरणात बुडवून ती अर्धी पोळी संपवली. मग त्यानं ताट उचललं. ताटात शीत नव्हतं.

मला लख्ख दिसलं ते असं: पोथीत एकवीस अध्याय आहेत, त्यातले वीस अध्याय लोक नुसते म्हणतात आणि पहिला पाळतात. कोरड्या विहिरीला पाणी आणणं कुणाला जमत नाही, विस्तवाशिवाय चिलीम पेटवणं जमत नाही. उष्ट्या पत्रावळीवरचं शीत वाया जाऊ द्यायचं नाही हे जमतं. तर तेवढं घेतलं आणि त्याचा कामाचा नियम केला. रोज, हजारो ताटांवर. चमत्काराच्या गोष्टीतून इतकी कोरडी, व्यवहारी, तपासता येण्यासारखी शिस्त निघालेली मी दुसरीकडे पाहिली नाही. आमच्या बुफेतून रोज रात्री जे ड्रममध्ये जातं ते आठवलं आणि मी पण माझ्या ताटातली मिरची खाऊन टाकली.

त्या काकांशी नंतर बोलले. सेवेला गावोगावचे लोक पाळीपाळीनं येतात, थोडे दिवस राहतात, परत जातात. पगार नाही. "नंबर लागाले लय वाट पाहा लागते," ते अभिमानानं म्हणाले. झाडायला, पुसायला, संडास धुवायला वेटिंग लिस्ट! माझ्याकडे संडासाच्या ड्युटीवर नाव लागलं की पोरींची पोटं दुखायला लागतात. ते मोताळ्याकडचे, कापूस आणि सोयाबीन, दोन्हींचं यंदा काही खरं नाही म्हणाले, तरी आले होते. इथे कुठलं काम मिळतं विचारलं तर म्हणाले, मिळेल ते, काल बाथरूम धुतले. मी सहज विचारलं, काका, घरी कोण झाडतं?

ते हसले. "घरी? घरी लक्ष्मी झाडते ना."

अर्धा मार्क इथे गेला. संस्थानचा दोष म्हणून नाही, पण मार्क द्यायचे तर कुठेतरी कापावे लागतात, आणि मला ही जागा सोडवली नाही. महाराजांसाठी जो माणूस अनोळखी लोकांचा संडास धुतो, त्याला आपल्या घरचा केरसुणीचा कोपरा दिसत नाही. इथे झाडलं तर सेवा, तिथे लक्ष्मीनं झाडलं तर ते तिचं कामच. त्या बाईला कुणी माउली म्हणत असेल का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माणूस फार चांगला होता.

आणखी एक जुनी सल आहे, ती शेगावची नाही. मी पूर्वी एका हॉटेलात होते, नाव सांगत नाही. तिथल्या मॅनेजरनं एकदा आम्हा सगळ्यांना बसवून शेगावच्या सेवेकऱ्यांचा व्हिडिओ दाखवला. बघा, सेवाभाव काय असतो, पैशाकडे न बघता काम कसं करतात. पुढच्या महिन्यापासून जादा ड्युटीचे पैसे बंद. एकेका मुलीला एका शिफ्टला सोळा खोल्या, आणि वर सेवाभाव. त्या दिवसापासून "शेगाव मॉडेल" हा शब्द कानावर आला की मी पर्स घट्ट धरते. महाराजांनी यातलं काही केलेलं नाही, संस्थाननंही नाही. पण एखाद्याच्या मागे जे उरतं त्यात त्याच्या नावावर दुसरे काय खपवतात तेही धरावं लागतं.

त्या मॅनेजरला एक गोष्ट दिसली नाही, ती मला तिथे दिसली, म्हणून धंद्यातल्या लोकांसाठी लिहिते. इथली स्वच्छता नुसत्या भक्तीवर चालत नाही. एका मजल्यावर हात किती आहेत ते बघा. आमच्या तिप्पट तरी असतील. पाळी थोड्या दिवसांची, त्यामुळे कंटाळून आंबलेला माणूस नाही. टीप घ्यायची नाही, त्यामुळे कुठली खोली फायद्याची आणि कुठली तोट्याची हा हिशेबच नाही. वरिष्ठ माणूस कागदाचा कपटा दिसला तर स्वतः वाकून उचलतो, मी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यानं आजूबाजूला कोण बघतंय ते बघितलं नाही. पुरेसे हात, थोडे तास, मान, आणि वरच्याचं वाकणं. यातल्या कशालाही देव लागत नाही. पैसे लागतात, ते मालक देत नाहीत.

एवढं मांडून झाल्यावरही थोडं उरतं. नळाच्या तोंडाखालचा तो थर. तो कुणी तपासत नाही, पाहुण्याला दिसत नाही, चेकलिस्टवर नसतो. तिथे बोट कुणी घालायला लावलं? काकांना विचारलं असतं तर म्हणाले असते, महाराज पाहून राहिले ना. मी मुलींना म्हणते कॅमेरा पाहतोय, आणि तरी थर राहतो.

हे सगळं बसवलं ते शिवशंकरभाऊ पाटलांनी. १९६० च्या दशकापासून ४ ऑगस्ट २०२१ ला जाईपर्यंत त्यांचं आयुष्य संस्थानात गेलं. संस्थानचं पाणीसुद्धा ते पीत नसत असं तिथे सगळे सांगतात. मला विचाराल तर शेगावात पाहण्यासारखा चमत्कार हा, आणि यात काही अलौकिक नाही. एका माणसानं पन्नासहून अधिक वर्षं रोज तेच काम केलं. पण हे मी आईला म्हटलं तर ती म्हणते की भाऊंना बुद्धी कोणी दिली? आणि वाद परत रांगेच्या सुरुवातीला जातो. भाऊंनी स्वतःला सेवक म्हणवून घेतलं आणि श्रेय समाधीकडे ढकललं, त्यामुळे माझ्यासारखीची अडचण अशी की मला ज्या माणसाचे आभार मानायचे आहेत तोच मला आत, महाराजांकडे पाठवतो.

माझा स्वतःचा कल म्हणाल तर गाडगेबाबांकडे. तेही इकडचेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. आमच्या स्टोअररूममध्ये त्यांचा फोटो लावलाय, देव म्हणून नाही, ट्रेनिंगसाठी. हातात खराटा आणि तोंडानं देव दगडात नाही हे खडसावून सांगणं, मला हे एकत्र पटतं. गजानन महाराजांनी असं काही सांगितलं नाही, त्यांनी फारसं काहीच सांगितलं नाही. कदाचित म्हणून त्यांच्या नावावर इतकं काही बसवता आलं: दवाखाना, कॉलेज, पालखी, शिस्त, आणि थुंकीचं मलमही.

पालखीचा उल्लेख आलाच म्हणून: आषाढीला शेगावहून पंढरपूरला पायी जाते, सातशे किलोमीटरच्या वर अंतर. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या सरळ ओळी एकदा लहानपणी अकोल्यात पाहिल्या होत्या. वाहतूक अडली होती आणि एकही हॉर्न वाजत नव्हता. आनंद सागर मात्र या खेपेला आम्ही केलं नाही. मोठं उद्यान, मधे तलाव, ते काही वर्षं बंदच होतं. आईच्या गुडघ्यांना झेपलं नसतं.

एक घरगुती भानगड झाली तीही सांगते, कारण आयांना उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवशी मुलीची पाळी आली. आईनं लगेच जाहीर केलं की पोरगी खोलीतच राहील. मी विचारलं, कुठे लिहिलंय? कुठेही पाटी दिसली नव्हती, कुणी विचारत नव्हतं, विचारणारही नव्हतं. लिहायला कशाला पाहिजे, आई म्हणाली. भांडण झालं. मुलगी म्हणाली, "मला तसंही झोपायचंय," आणि पांघरूण ओढून झोपली. मग आई गेली सकाळच्या आरतीला एकटी, आणि येताना नातीसाठी चहा घेऊन आली. शेगावनं लादलेलं यात काही नव्हतं. ते आम्ही पुण्याहून आमच्याच बॅगेत नेलं होतं. पण अशा बॅगा घेऊन येणाऱ्या सगळ्यांसाठी ती जागा आहे हेही खरं, आणि तिथे त्या बॅगा कुणी उघडून बघत नाही.

फाटकाबाहेरचं मार्केट नेहमीचं. फोटो, पोथ्या, माळा, किचेन, महाराजांच्या मूर्ती सर्व मापांत. आत ताटातलं शीत न टाकणारे आम्हीच भक्त बाहेर येऊन कचोरीचा कागद रस्त्यावर टाकतो, पान खाऊन कोपरा रंगवतो. आतली शिस्त कुंपणापर्यंत येते आणि चपला घालताना तिथेच राहते. माझ्या पुढे चाललेल्या एका गृहस्थांनी आत पडलेलं फूल उचलून खिशात ठेवलं होतं, बाहेर पाण्याची रिकामी बाटली नालीत सोडली. मी "माउली" म्हणून हाक मारली. ते वळले, बाटली बघितली, मला बघितलं, आणि बाटली काढून घेतली. हा शब्द चालतो, नोंद करून ठेवा.

कचोरी: फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं स्टेशनवर सुरू केली, आता सगळ्या महाराष्ट्रात शेगाव कचोरी नावानं मिळते ती. पुण्यात मिळते तिच्यापेक्षा इथली लहान, कोरडी आणि तिखट. चटणी मागू नका, हिरवी मिरची घ्या. चार मार्क.

जायचं असेल तर गुरुवार, रविवार, प्रगटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी सोडून जा. भक्त नसाल तर नक्कीच सोडून जा, गर्दीत तुम्हाला फक्त गर्दी दिसेल. सकाळी लवकर पोचलात तर खोली मिळायची शक्यता जास्त. म्हातारं माणूस बरोबर असेल तर खालच्या मजल्याची खोली मागा, असेल तर देतात. टीप द्यायला जाऊ नका, घेणार नाहीत आणि तुम्हालाच ओशाळं वाटेल. ताटात लागेल तेवढंच घ्या, तुमच्या शेजारीही कुणीतरी उभं राहील. नास्तिकांनी आत जाऊन नमस्कार केलाच पाहिजे अशी सक्ती नाही. मी केला नाही, सेवेकऱ्यानं मलाही "पुढे चला माउली"च म्हटलं. आईनं मात्र ते पाहिलं होतं, आणि भुसावळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.